यहूदाचा पिवळा झगा

इटलीतील पादुआ शहरात विटांचे एक साधे प्रार्थनागृह आहे. आतल्या भिंती मात्र जोत्तोच्या भित्तिचित्रांनी भरून गेल्या आहेत. २५ मार्च १३०५ रोजी त्याचे पवित्रीकरण झाले. ते बांधवून घेणारा एन्रिको स्क्रोवेन्यी हा सावकारीतून गब्बर झालेल्या घराण्यातला. त्याचा बाप रेजिनाल्दो याला तर दान्तेने आपल्या काव्यात नरकात बसवले आहे; नाव न घेता, गळ्यातील थैलीवरच्या कुलचिन्हावरून ओळखू येईल असा.

येथील एका चित्रात यहूदा इस्कर्योत येशूला पकडून देण्याचा सौदा करतो आहे. हातात पैशांची थैली, पाठीशी चिकटलेला काळाकुट्ट सैतान आणि अंगावर पिवळा झगा.

पुढच्या प्रसंगात, चुंबनाच्या वेळी, सैतान नाही. त्याची गरजही उरलेली नाही. यहूदाच्या पिवळ्या झग्याने येशूचे जवळजवळ सारे शरीर झाकले गेले आहे. दुष्टत्व नुसत्या रंगाने दाखवण्याचे इतके प्रभावी उदाहरण त्या काळात क्वचितच सापडेल.

पश्चिमेच्या भिंतीवर ‘शेवटचा न्याय’ आहे. नरकात यहूदा फासावर लटकतो आहे, आणि सावकार आपापल्या थैल्यांच्या दोऱ्यांनी. सावकाराच्याच पैशांतून रंगवलेले हे दृश्य! एन्रिको स्वतः मात्र पुण्यवंतांच्या बाजूला गुडघे टेकून प्रार्थनागृहाची प्रतिकृती अर्पण करतो आहे.

यहूदाच्या वस्त्राच्या रंगाविषयी शुभवर्तमानांत एक अक्षरही नाही. पिवळा रंग ही चित्रकारांची देणगी. येशू यहुदी होता, त्याचे बाराही शिष्य यहुदी होते. तरीही युरोपीय चित्रांत पिवळे वस्त्र, बाकदार नाक आणि थैली ही लक्षणे यहूदाभोवतीच गोळा होत गेली. नावातले साम्यही मदतीला होतेच. बघता बघता ती लक्षणे हयात यहुद्यांवर लादली गेली.

१२१५ च्या लॅटरन धर्मपरिषदेने यहुद्यांनी वेगळा ओळखू येणारा वेश करावा असे ठरवले. रंग सांगितला नव्हता. अनेक ठिकाणी पिवळा निवडला गेला; व्हेनिसने १३९४ मध्ये छातीवर पिवळे वर्तुळ सक्तीचे केले, आणि १४०५ मध्ये पादुआही व्हेनिसच्या अमलाखाली आले. चित्रामुळे कायदा झाला, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. पण भिंतीवरचा पिवळा यहूदा आणि बाजारातला पिवळे चिन्ह लावलेला शेजारी पाहणारे डोळे तेच होते.

सप्टेंबर १९४१ मध्ये जर्मनीत सहा वर्षांवरील प्रत्येक यहुद्याला कपड्यावर तारा शिवून घेण्याचा हुकूम निघाला. ताऱ्याचा रंग पिवळा होता.