उंटांचा सर्रा व मनुष्याचें रक्त

पाचोडसारख्या गांवच्या जनावरांच्या बाजारांत बैलाचे दांत मोजतात, खूर पाहतात, वशिंडावर हात फिरवितात आणि मग रुमालाखालीं बोटें धरून सौदा ठरवितात. रक्त मात्र कोणी पाहत नाहीं. पाहिलें तरी साध्या डोळ्यांस तें सांगणार काय! तथापि ज्या रोगाची ही हकीकत आहे तो रोग रक्तांतच दडून प्रवास करतो. सर्रा हें त्याचें नांव. गुजरात-राजस्थानकडील मेंढपाळ उंटांवर संसार लादून महाराष्ट्राच्या माळांवर फिरतांना दिसतात. त्या उंटांचा हा जुना वैरी. राजस्थानांत त्याला 'तिबरसा' म्हणतात, कारण तो जनावरास तीन तीन वर्षें झिजवितो. ताप येतो, जातो, पुन्हां येतो. पाठीवरील मदार ओसरते, गाभण सांडणी गाभ टाकते, आणि चारा खात असतांही उंट वाळत जातो. घोडा व कुत्रा यांस तो इतका अवधि देत नाहीं. गाय, बैल व म्हैस पुष्कळदां वरून निरोगी दिसतात व रोग बाळगून राहतात. बाजारच्या दृष्टीनें हीच गोष्ट अधिक वाईट.

या रोगाचें कारण इ. स. १८८० सालीं सिंधुकांठच्या डेरा इस्माइलखान येथें सांपडलें. हें शहर आतां पाकिस्तानांत आहे. ग्रिफिथ इव्हान्स नामक वेल्श पशुवैद्यानें आजारी घोड्यांचें व उंटांचें रक्त सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं धरलें, तों रक्तकणांच्या गर्दींतून वळवळत जाणारे जीव त्यास दिसले. तें रक्त निरोगी जनावरास टोंचून त्यानें रोग उत्पन्न करून दाखविला. इतकें झालें तरी तत्कालीन विद्वानांस तें पटलें नाहीं. टिमथी लुईस यास थोड्याच वर्षांपूर्वीं कलकत्त्यास धडधाकट उंदरांच्या रक्तांत असेच जीव आढळले होते. तेव्हां उंदरास जें बाधत नाहीं तें घोड्यास काय मारणार, असा तर्क झाला! कारण हातीं आलें असतां त्यास परिणाम समजून बाजूस सारणें ही विद्वानांची जुनीच खोड आहे. इव्हान्स शंभर वर्षें जगून १९३५ सालीं वारला, त्यामुळें आपलें म्हणणें खरें ठरलेलें त्यास पाहतां आलें, हें त्याचें भाग्य.

पुढील कथेंत महाराष्ट्राचा भाग मोठा आहे. १८८५ सालीं ब्रह्मदेशांत लष्करी खेंचरांस हाच रोग झाला, तेव्हां तपासास जॉन हेन्री स्टील हा पशुवैद्य गेला. त्यानें त्या जीवास इव्हान्सचें नांव दिलें, पण वर्ग चुकीचा ठरविला. दुसऱ्याच वर्षीं, १८८६ सालीं, परळ येथें मुंबईचें पशुवैद्यक महाविद्यालय निघालें व स्टील त्याचा पहिला प्राचार्य झाला. १८८९ सालीं पुण्यांत इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली. तिचे प्रमुख डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड यांनीं घोड्यांच्या सर्र्याचा दीर्घ अभ्यास केला. १८९३ सालीं ही प्रयोगशाळा कुमाऊंच्या डोंगरांतील मुक्तेश्वर येथें नेण्यांत आली. घातक रोगजंतूंचे प्रयोग दाट वस्तीपासून दूर व्हावेत हा त्यांतील हेतु. तेथेंच लिओनार्ड रॉजर्स यांनीं गोमाशीचा अपराध सिद्ध केला व १९०१ सालीं तो प्रसिद्ध केला. गोमाशीचा दंश दुखरा असतो. जनावर शेपटीनें तिला हाकलतें, आणि अर्धपोटीं माशी शेजारच्या जनावरावर जाऊन बसते. तिच्या सोंडेवरील ओलें रक्तच रोग पोंचवितें. आफ्रिकेंतील त्से-त्से माशीच्या पोटांत तिकडील जीव वाढतात, तसे हे गोमाशीच्या पोटांत वाढत नाहींत. तेव्हां दोन जनावरें जवळ बांधलेलीं असणें एवढीच या रोगाची गरज.

आफ्रिकेंत याच जीवाचे भाऊबंद निद्रारोगानें माणसें मारतात. मग आपल्याकडे उंटवाला, गवळी, खाटीक हे सुखरूप कसे राहिले? हिंवतापाच्या जंतूचा शोध लावणाऱ्या लाव्हरां यानें १९०२ सालींच पाहिलें होतें कीं, मनुष्याचा रक्तरस हे जीव नष्ट करतो. त्या भरंवशावर शंभर वर्षें सर्रा हा केवळ जनावरांचा रोग समजला गेला.

२००४ सालीं त्या भरंवशास तडा गेला. चंद्रपूर जिल्ह्यांतील एका शेतकऱ्यास कित्येक महिने चढउताराचा ताप येत होता. खेड्यांत असा ताप हिंवतापाच्या खात्यावर मांडला जातो. परंतु या रुग्णाच्या रक्ताच्या कांचेवर सर्र्याचे जीव वळवळतांना आढळले. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील डॉक्टरांनीं हा वृत्तांत २००५ सालीं जगापुढें मांडला. मनुष्यास सर्रा झाल्याचा हा पक्केपणीं सिद्ध झालेला पहिला दाखला होय. निद्रारोगावरील सुरामिन हें जुनें औषध देऊन तो बरा झाला. त्याच्या गांवच्या १८०६ लोकांची तपासणी झाली. अनेकांच्या रक्तांत प्रतिक्रियेच्या खुणा मिळाल्या, परंतु अधिक संशय आला त्यांच्याही रक्तांत जीव सांपडले नाहींत.

२००६ सालीं ब्रुसेल्सच्या संशोधकांनीं उलगडा केला. मनुष्याच्या रक्तांत 'ॲपोएल-१' नांवाचें एक प्रथिन असतें. तेंच या जीवांस फोडतें. शेतकऱ्यास आईकडून व बापाकडून मिळालेल्या त्याच्या दोन्ही जनुकप्रती सदोष होत्या, म्हणून तें प्रथिन त्याच्या रक्तांत नव्हतेंच. असा योग विरळा. तेव्हां एका माणसाची गोष्ट म्हणून हें प्रकरण मिटविणें सोपें होतें. परंतु २०१५ सालीं व्हिएतनाममध्यें एका स्त्रीस हाच रोग जडला, आणि तिच्या त्या जनुकाच्या दोन्ही प्रती शाबूत निघाल्या.