कुर्निसात

आपल्या ऐतिहासिक नाटकांतला ‘कुर्निसात’ मूळचा मोगल दरबारचा. अबुल फजलानें ‘आईन-इ-अकबरी’त त्याचा विधि दिला आहे: उजवा तळवा कपाळीं लावून मस्तक लवविणें, म्हणजे आपलें शिर विनयाच्या हातीं घेऊन दरबारास नजर करणें. एवढ्याशा हालचालींत इतकें तत्त्वज्ञान पाहणारा हा पंडित आम्हांस मोठा चतुर वाटतो. खरा पेंच सिजद्याचा होता. भूमीला कपाळ टेकावें तें ईश्वरापुढेंच, असें कर्मठांचें म्हणणें. तेव्हां अकबरानें आम दरबारांत सिजदा मना करून खाजगींत तेवढा ठेविला. शहाजहाननें १६२८ त तख्तावर बसतांच तोही बंद केला. त्याच्या जागीं भूमिचुंबन आलें. पण तेंही सिजद्याच्याच जवळचें, म्हणून कांहीं वर्षांनीं गेलें, आणि बादशहानें चार तस्लिमांवर समाधान मानिलें.