चौकटीत लपलेले शब्द

हातातलं काम चालू राहू द्या, फक्त कान इकडे द्या. आणि जवळ पाटी किंवा वही असेल तर घेऊन बसा, शेवटी लागणार आहे.

शब्द लपवायचा आणि दुसरीनं तो शोधायचा, हा खेळ आपल्याला नवा नाही. उखाण्यात नवऱ्याचं नाव आपण असंच ओळीत लपवून ठेवतो. आज आम्ही सांगणार आहोत ती याच खेळाच्या चौकोनी भावंडाची गोष्ट.

अक्षरांचे चौकोन फार जुने आहेत. इटलीतलं पॉम्पेई हे गाव इ.स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. ते उकरताना तिथे कोरलेला एक चौकोन सापडला. पाच ओळी, प्रत्येकीत पाच अक्षरं. डावीकडून वाचा, उजवीकडून वाचा, वरून वाचा, खालून वाचा, तेच पाच शब्द येतात. आपल्याकडे सुमारे सहाव्या शतकात भारवी कवीनं ‘किरातार्जुनीय’ या संस्कृत काव्यात असाच चहूबाजूंनी वाचता येणारा श्लोक रचला. त्या प्रकाराला ‘सर्वतोभद्र’ म्हणतात. पण हे सगळं पंडितांचं काम. तिथे बाईच्या हाती पाटी नव्हती.

वर्तमानपत्रातलं शब्दकोडं आलं 1913 साली. आर्थर विन यांनी ते अमेरिकेतल्या एका वर्तमानपत्रात छापलं. पण त्यात सूचना वाचून उत्तर आठवावं लागतं. नवशिकीला ते जड जातं.

सोपा प्रकार आला 1968 च्या मार्च महिन्यात. अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यात नॉर्मन नावाचं गाव आहे. तिथले नॉर्मन गिबाट दुकानांतून फुकट वाटायचं जाहिरातींचं एक छोटं पत्रक काढत. त्यात त्यांनी अक्षरांचा चौकोन छापला आणि शब्द शोधा म्हणाले. गंमत अशी, की त्याच्या जास्तीच्या प्रती मागायला आले ते गावातले शिक्षक. मुलं खेळता खेळता शब्द ओळखू लागतील, हे त्यांच्या लक्षात आलं. स्पेनमध्येही पेद्रो ओकॉन दे ओरो यांनी अशी कोडी रचली. तिकडे याला ‘अक्षरांचं सार’ म्हणतात. सार ढवळलं की जे हाताला लागेल ते!

आता आपल्याकडे या. सावित्रीबाई लग्नानंतर शिकल्या आणि 1848 साली पुण्यात मुलींना शिकवू लागल्या. 1855 मध्ये फुले दांपत्यानं दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. पुढे 1988 साली राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झालं. कंदिलाच्या उजेडात आमच्यातल्या कित्येकींनी तेव्हा पहिल्यांदा आपलं नाव लिहिलं.

पण वर्ग संपले, पाट्या माळ्यावर गेल्या. अक्षराचं विळ्यासारखंच असतं, वापरलं नाही की गंजतं. आमच्या गटातल्या एकीचे तीन हप्ते पासबुकात चढलेच नव्हते. पासबुक तिच्याच ट्रंकेत होतं, पण वाचणारं कोणी नव्हतं. पावत्या जपून ठेवल्या होत्या म्हणून पैसे वाचले. त्या दिवसापासून आम्ही दर बैठकीत एक चौकोन मांडतो. मात्र त्यातले शब्द आमचे, आमच्या कागदांवरचे.

तो बनवायचा कसा? आधी सात-आठ शब्द निवडा. मग चौकोन आखा. एका घरात एक पूर्ण अक्षर लिहायचं, काना-मात्रा-वेलांटीसकट. जोडाक्षरालाही एकच घर. म्हणजे ‘कर्ज’ला दोन घरं लागतात, ‘पासबुक’ला चार. शब्द आडवे आणि उभे मांडा, तिरके पुढच्या खेपेला. उरलेल्या घरांत कुठलीही अक्षरं भरा. ज्या अक्षरावर बाया अडतात, तेच मुद्दाम जास्त वेळा घाला.

आता लिहून घ्या, सावकाश सांगतो.

पा – स – बु – क – घ
भ – ही – ळ – र्ज – ग
ब – च – त – ठो – ट
ह – णे – व्या – ज – को
प्ता – ली – झू – मा – थी

यात आठ शब्द आहेत: पासबुक, सही, कर्ज, गट, बचत, हप्ता, व्याज, जमा. सापडला की बोटानं गिरवा आणि मोठ्यानं म्हणा.

बैठकीत हा चौकोन मांडला तेव्हा एकीनं नववा शब्द काढला: चणे! आम्ही तो घातलाच नव्हता, रिकामी घरं भरताना आपोआप आला. सगळ्या हसल्या. पण ही तीच बाई, जी दोन महिन्यांपूर्वी अंगठ्यासाठी शाईचा पॅड मागत होती. न सांगितलेला शब्द तिला दिसला, म्हणजे ती आता ओळखीच्या शब्दाचा आकार पाहत नाही, खरंच वाचते आहे.

पुढच्या बैठकीला असा एक चौकोन तुम्ही मांडा. शब्द तुमच्या सातबाऱ्यावरचे घ्या, रेशनकार्डावरचे घ्या. आणि त्यात गटातल्या प्रत्येकीचं नाव लपवा. आपलं नाव सगळ्यांत आधी सापडतं, असा आमचा अनुभव आहे. तिथून पुढे बाकीचे शब्दही सापडू लागतात.