दिवसा रामाची उतारी

नाशिकच्या पंचवटीतला काळाराम काळ्या दगडाच्या देवळात उभा आहे. सावंतवाडीचा राम तळहातावर मावतो, लाखेने चकाकणाऱ्या एका गोल पानावर. पंचवटीतलं ते देऊळ 18व्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलं गेलं. सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे गोल पत्त्यांचा खेळ, हीही त्याच काळातली.

गंजिफा हा शब्द फारसीतून आला. बाबराच्या आत्मचरित्रात 1527 सालची नोंद आहे: सिंधमधल्या शाह हसनला या खेळाचा शौक होता, म्हणून बाबराने त्याला गंजिफा धाडली. मोगली गंजिफेत आठ रंग. ताज, शमशेर, गुलाम, सोन्याची नाणी, चांदीची नाणी अशी सगळी दरबारातली आणि खजिन्यातली चिन्हं. प्रत्येक रंगात राजा, वजीर आणि एक ते दहा अशी बारा पानं, एकूण 96.

दख्खनेत येईपर्यंत खेळाचा सांगाडा तोच राहिला, वस्ती मात्र बदलली. ताज आणि शमशेरीच्या जागी मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह असे दहा अवतार बसले. आठाचे दहा रंग झाले, 96 पानांची 120 झाली. मासा, कासव, कमंडलू, परशू या रंगांच्या खुणा ठरल्या.

सावंतवाडीत सांगतात ती कथा अशी: तिसरे खेम सावंत (कारकीर्द 1755 ते 1803) यांच्या दरबारी तेलंगणातून विद्वान ब्राह्मण आले आणि त्यांच्याबरोबर हा खेळ आला. राजाला तो आवडला. पानं रंगवण्याचं काम गावातल्या चिताऱ्यांकडे आलं. चिताऱ्यांचा हात मुळात लाकडावर आणि लाखेवर बसलेला. आजही शहरातली त्यांची आळी चितार आळी म्हणूनच ओळखली जाते. वेंगुर्ल्याचा किनारा जवळ, आणि गावोगावी रात्र रात्र दशावतारी नाटकं चालणारा हा मुलूख. इथल्या माणसाला पानावरचे दहा अवतार परके वाटण्याचं कारणच नव्हतं.

कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, गोल कापायचे, पृष्ठभाग घोटून गुळगुळीत करायचा, मग बारीक कुंचल्याने चित्र आणि शेवटी लाखेचा लेप. पान गोल असल्याने हातात कसंही धरलं तरी बिघडत नाही.

खेळ तिघांचा, प्रत्येकाला चाळीस पानं. दिवसा ज्याच्याकडे रामाचा राजा त्याची उतारी, रात्री कृष्णाच्या राजाची. यात हुकूम नाही. कोणतं पान पडून गेलं आणि कोणतं अजून कुणाच्या हातात आहे, हे ज्याच्या लक्षात राहतं तो जिंकतो. निम्म्या रंगांत दश्शी मोठी आणि निम्म्यांत एक्का मोठा, त्यामुळे डोकं सारखं जागं ठेवावं लागतं.

छापील 52 पानी कॅट स्वस्तात मिळू लागला आणि हाताने रंगवलेल्या 120 पानांना गिऱ्हाईक उरलं नाही. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर कला जाणणारे हात जवळजवळ संपले होते. तेव्हा सावंतवाडीचे राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी वृद्ध पुंडलिक चितारी यांना गाठलं. सत्त्वशीलादेवी स्वतः त्यांच्याकडे शिकल्या, पुढे तरुणांना शिकवू लागल्या. 1971 मध्ये राजवाड्यात ‘सावंतवाडी लॅकरवेअर्स’ सुरू झालं. आज त्या वाड्यात बसून कारागीर पानं रंगवताना दिसतात.

मला या कुळकथेत सर्वांत मोलाचं वाटतं ते हे: राजघराण्याने आश्रय दिला, पण खेळाला आपलंसं केलं ते चिताऱ्यांच्या बोटांनी. बाहेरून आलेला खेळ त्यांनी नाकारला नाही आणि जसाच्या तसा गिरवलाही नाही. बारा पानांचा हिशेब ठेवला आणि राजाच्या पानावर आपला राम रंगवला.

आज ही पानं बहुधा चौकटीत जाऊन भिंतीवर लागतात. त्यामुळे कारागिराला काम मिळतं, हे चांगलंच आहे. पण रामाची उतारी भिंतीवर होत नाही. त्यासाठी सतरंजी अंथरावी लागते, तिघांनी बसावं लागतं, आणि दिवस मावळायच्या आत कुणीतरी ते पान खाली टाकावं लागतं.