आयसीयूत सलाईन किती द्यायचं, हे कसं ठरवतात?

"बीपी कमी आहे, मग सलाईन बंद का केलं?" पावसाळ्यात डेंग्यूचे रुग्ण वाढले की पिंपरी-चिंचवड, चाकण भागातल्या आयसीयूबाहेर नातेवाईक हा प्रश्न हमखास विचारतात. प्रश्न रास्त आहे. सलाईन म्हणजे ताकद, असा आपल्याकडे पक्का समज आहे. प्रत्यक्षात ते मिठाचं पाणी असतं.

सलाईनमुळे हृदय दर ठोक्याला जास्त रक्त पुढे ढकलू लागलं, तरच त्याचा उपयोग. बीपी घसरलेल्या आयसीयूतल्या साधारण निम्म्या रुग्णांमध्येच असं होतं. बाकीच्यांमध्ये ते पाणी फुफ्फुसांत आणि अंगात साठतं, धाप वाढते, कधी व्हेंटिलेटरची वेळ येते.

हे आधीच ओळखण्याची एक साधी, सुई न टोचता होणारी चाचणी म्हणजे पाय वर करून पाहणं. रुग्णाचं डोकं आधी ४५ अंश उंच असतं. मग पलंगच असा फिरवतात की धड सपाट होतं आणि पाय ४५ अंश वर जातात. पायांतलं सुमारे ३०० मिली रक्त हृदयाकडे येतं, म्हणजे जणू रुग्णाच्याच रक्ताचं सलाईन! मिनिटभरात इकोवर हृदयातून बाहेर पडणारं रक्त मोजतात. ते १० टक्के किंवा अधिक वाढलं, तर सलाईन लागू पडण्याची शक्यता चांगली. नाही वाढलं, तर पाय खाली. काही बिघडत नाही. नुसता बीपीचा आकडा पाहून मात्र हे नीट कळत नाही. अपघातात डोक्याला जबर मार असेल किंवा कंबरेचं, पायाचं हाड मोडलं असेल, तर ही चाचणी टाळतात.

सोनोग्राफीत पोटातली मोठी शीर श्वासागणिक किती आकसते, हेही पाहतात. पण स्वतः श्वास घेणाऱ्या रुग्णात तेवढ्यावर विसंबता येत नाही. फुफ्फुसांत पाणी साठू लागलंय का, हे सोनोग्राफीत दिसतं.

गंभीर डेंग्यूत रक्तातला द्रव एक-दोन दिवस वाहिन्यांबाहेर पाझरतो आणि नंतर आपोआप परत येतो. काल जीव वाचवणारं सलाईन उद्या घातक ठरू शकतं, म्हणून तपासणी पुन्हापुन्हा होते.

तुम्ही डॉक्टरांना जरूर विचारा: आतापर्यंत किती सलाईन गेलं, लघवी किती झाली, इको करून पाहिलं का? सलाईनच्या नळीवरचं चाक मात्र स्वतः फिरवू नका.