मोटारीतील रेडिओ : एका जुन्या भांडणाचा इतिहास

जुन्या मोटारींचा जीर्णोद्धार करण्याचा नाद ज्यांना लागला आहे, त्यांच्या तोंडून एक तक्रार हमखास ऐकू येते. गाडीचा रंग मूळचा साधला, बैठका साधल्या, एंजिन पहिल्या झटक्याला सुरू होऊ लागले. कारखान्यातून बसवून आला होता त्याच जातीचा रेडिओही मोठ्या खटपटीने मिळविला. एंजिन बंद असताना तो उत्तम गातो. सुरू केले की नुसता खरखरतो. मग सारा दोष रेडिओच्या माथी मारला जातो. आमच्या मते हा निवाडा घाईचा आहे. हे भांडण आजचे नसून मोटार आणि रेडिओ यांच्या पहिल्या भेटीपासूनचे आहे, आणि त्याचा इतिहास माहीत असल्यावाचून ते मिटत नाही.

पेट्रोलच्या एंजिनात इंधन पेटते ते विजेच्या ठिणगीने. आता, आरंभीच्या काळी बिनतारी संदेश पाठविले जात तेही ठिणगीनेच. म्हणजे मोटार ही चाकांवर फिरणारे एक लहानसे प्रक्षेपण केंद्रच झाली! तिच्या प्रत्येक ठिणगीबरोबर लहरी चहूकडे उधळतात. त्यात डायनॅमोच्या ब्रशांजवळ उडणाऱ्या ठिणग्यांची भर पडते. अशा ठिकाणी दूरच्या केंद्राचे गाणे ऐकणे म्हणजे लोहाराच्या ऐरणीशेजारी बसून सतार ऐकण्यासारखेच होते. दुसरी अडचण विजेची. रेडिओच्या व्हॉल्व्हांना शंभराहून अधिक व्होल्ट दाब लागे, आणि गाडीच्या बॅटरीत होते अवघे ६ व्होल्ट. म्हणून पहिल्या रेडिओंसाठी कोरड्या बॅटऱ्यांची वेगळी चळत गाडीत ठेवावी लागे. ती संपली की पुन्हा नवी.

या दोन्ही अडचणींना तोंड देऊन हा धंदा ज्यांनी उभा केला, त्यांत शिकागोच्या पॉल गॅल्व्हिन यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. भाऊ जोसेफ यांच्यासह त्यांनी १९२८ साली कारखाना काढला. घरातील रेडिओला बॅटरीऐवजी घरच्या विजेवर चालविणारे उपकरण हा त्यांचा पहिला माल. १९३० साली त्यांनी आपल्या स्टुडबेकर गाडीत रेडिओ बसविला, अटलांटिक सिटी येथे भरलेल्या रेडिओ-उत्पादकांच्या अधिवेशनाला ते त्याच गाडीने गेले, आणि बाहेर गाडी उभी करून येणाऱ्या-जाणाऱ्यांना त्यांनी तो ऐकविला. या मालाला त्यांनी ‘मोटोरोला’ हे नाव दिले. पुढे १९४७ साली साऱ्या कंपनीनेच ते धारण केले. चालकाचे लक्ष विचलित होईल म्हणून अशा रेडिओवर बंदी घालावी, अशाही सूचना त्या काळी अमेरिकेत पुढे आल्या होत्या. युरोपात १९३२ साली ब्लाउपुंक्ट कंपनीचा रेडिओ निघाला. तो इतका अवजड होता की पेटी एकीकडे आणि तिची कळ चालकाच्या हाताशी, अशी व्यवस्था करावी लागली.

कोरड्या बॅटऱ्यांचे ओझे उतरविले ते व्हायब्रेटर नावाच्या चिमुकल्या यंत्राने. शाळेतील विजेच्या घंटेचा टोला जसा आपोआप पुढेमागे होतो, तशीच यातील पोलादी पट्टी सेकंदाला शंभराच्या आसपास वेळा थरथरते आणि बॅटरीचा सरळ प्रवाह तोडते-जोडते. असा तुटक प्रवाह ट्रान्सफॉर्मरमधून नेला की त्याचा दाब वाढतो. जुन्या रेडिओतून गाण्याच्या आधी जी बारीक गुणगुण ऐकू येते, ती या पट्टीची. १९५५ साली क्रायस्लर व फिल्को या कंपन्यांनी केवळ ट्रान्झिस्टरवर चालणारा मोटार-रेडिओ जाहीर केला आणि व्हायब्रेटरचे दिवस भरत आले.

आता आपल्या जीर्णोद्धाराकडे वळू. समजा, १९५० सालची फोर्ड गाडी आहे. तिची बॅटरी ६ व्होल्टची आणि तिचे धन टोक गाडीच्या अंगाला जोडलेले. आजच्या गाड्यांत १२ व्होल्ट असतात आणि ऋण टोक अंगाला असते. मिस्त्रीने हाताच्या सवयीने उलट जोडणी केली, तर काही जातींच्या व्हायब्रेटरमुळे रेडिओतील कंडेन्सर बिघडतात. आणि सोयीसाठी १२ व्होल्टची बॅटरी बसवून तीच वीज रेडिओला दिली, तर व्हॉल्व्हांचे तंतू जळून जातात. म्हणून रेडिओला तार लावण्यापूर्वी बॅटरी पाहावी, आणि त्या तारेत योग्य फ्यूज घालावा. व्हायब्रेटरजवळचा बफर कंडेन्सर कितीही जुना व अस्सल असला तरी आधी बदलावा. तो गळू लागला की व्हायब्रेटर आणि ट्रान्सफॉर्मर दोघांनाही घेऊन बुडतो.

एवढे करूनही खरखर राहतेच. तिचा उगम शोधण्याची रीत सोपी आहे. एंजिन चालू ठेवून एरिअलची तार काढावी. खरखर थांबली तर ती एरिअलवाटे येत होती. न थांबली तर बहुधा विजेच्या तारेतून येते. एंजिनाच्या वेगाबरोबर वाढणारी टकटक ही ठिणगीची, आणि चढत जाणारी शीळ ही डायनॅमोची. पहिलीला ठिणगीच्या तारेत रोधक घालावा लागतो; दुसरीला डायनॅमोच्या आर्मेचरच्या टोकावर कंडेन्सर लावावा लागतो, फील्डच्या टोकावर मात्र कधीही नाही. मूळ गाडीत हे सारे होते. जीर्णोद्धार करणाऱ्याने ‘हे काय कामाचे?’ म्हणून फेकून दिलेले असते.

आणखी एक शत्रू तर आपणच निर्माण करतो. तो म्हणजे नवा रंग! एरिअलचा बूड, रेडिओची पेटी, बॉनेट ही सारी गाडीच्या अंगाशी उघड्या धातूने भिडली पाहिजेत. आपण हौसेने सर्वत्र रंगाचे जाड थर देतो, आणि रंगातून वीज जात नाही. दिसणार नाही अशा जागी रुपयाएवढा रंग खरवडला, तर पुष्कळदा जे नवे व्हॉल्व्ह घालून साधत नाही ते साधते. शेवटी १४०० किलोसायकलच्या आसपासचे एखादे क्षीण केंद्र लावून एरिअलचा स्क्रू आवाज सर्वांत मोठा येईपर्यंत फिरवावा.

मूळच्या पेटीत आजचे यंत्र भरून देणारे कारागीर आहेत. त्यांना आम्ही नावे ठेवीत नाही; कारण मध्यम लहरींवरील केंद्रेच अनेक देशांत बंद होत आहेत. जर्मनीतील डॉइच्लांडफुंक या सार्वजनिक केंद्राने २०१५ च्या अखेरीस ती लहर सोडली. ऐकायला केंद्रच नसेल तर अस्सलपणाचा उपयोग काय, हा प्रश्न खरा आहे. मात्र जे बदलले ते मालकाने लिहून ठेवावे आणि जुने भाग जपून ठेवावेत, एवढी प्रामाणिकपणाची अपेक्षा आम्ही करतो.

आणि हे भांडण संपले आहे असेही कोणी समजू नये. विजेवर चालणाऱ्या मोटारींत ठिणगी नाही, पण त्यांतील विद्युत-यंत्रणा मध्यम लहरींत तशीच खरखर माजविते. म्हणून काही कंपन्यांनी आपल्या विजेच्या गाड्यांतून त्या लहरींचा रेडिओच काढून टाकला. फोर्डनेही २०२३ साली नव्या गाड्यांतून तो वगळण्याचे ठरविले होते. संकटकाळच्या सूचना लोकांना याच रेडिओवरून मिळतात असा आक्षेप आल्यावर त्याच वर्षी तो बेत मागे घेतला. १९३० साली खरखर होते म्हणून कोणी रेडिओ फेकला नाही. गाडीला शांत करण्याची विद्या शोधली. ती विद्या ज्यांच्या हाती अजून आहे, त्या वृद्ध मिस्त्र्यांकडून ती वेळीच शिकून घ्यावी. रेडिओची पेटी बाजारात मिळेल, ही विद्या मिळणार नाही.