बॅरिस्टर होण्यासाठी जेवावे लागे : चांदा ते लंडन

१/ बॅरिस्टर होण्यासाठी काय करावे लागे? कायद्याचे ग्रंथ वाचावे लागत, परीक्षा द्याव्या लागत, हे कोणीही सांगेल. पण याखेरीज आणखी एक अट होती आणि तिचा पुस्तकांशी काहीही संबंध नव्हता. विद्यार्थ्याला ठरावीक संख्येने जेवणे जेवावी लागत, तीही एकट्याने नव्हे, इतरांच्या शेजारी बसून. चांद्याच्या जंगलपट्ट्यातून लंडनला गेलेल्या एका दलित तरुणाच्या संदर्भात ही अट वाचली, की तिचा अर्थ पार बदलतो. आजचा थ्रेड त्याविषयी.

२/ तो तरुण म्हणजे भाऊराव देवाजी खोब्रागडे. लोक त्यांना राजाभाऊ म्हणत. जन्म २५ सप्टेंबर १९२५, चांदा. चांदा म्हणजे आजचे चंद्रपूर. तेव्हा हा जिल्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होता आणि आजचा गडचिरोलीही त्याच्याच पोटात होता. गडचिरोली वेगळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी. वैनगंगेपलीकडच्या जमीनदाऱ्या, सागवानाची राखीव वने आणि वनखात्याचे नियम यांच्या या मुलखात कायदा प्रत्येक झोपडीपर्यंत पोहोचला होता. कायद्याचे शिक्षण मात्र फार दूर होते.

३/ किती दूर? नागपूर विद्यापीठ १९२३ साली स्थापन झाले आणि त्याचे विधी महाविद्यालय १९२५ साली, म्हणजे राजाभाऊंच्या जन्मवर्षीच. त्यापूर्वी नागपूरची महाविद्यालये आधी कलकत्ता आणि मग अलाहाबाद विद्यापीठाला जोडलेली होती. चांद्याच्या मुलाला वकील व्हायचे तर घर सोडणे अपरिहार्यच होते. बॅरिस्टर व्हायचे तर देशही सोडावा लागे : मुंबईपर्यंत आगगाडी आणि पुढे बोटीचा सुमारे तीन आठवड्यांचा प्रवास.

४/ लंडनमध्ये बॅरिस्टर घडवणाऱ्या संस्था चारच : लिंकन्स इन, ग्रेज इन, इनर टेंपल आणि मिडल टेंपल. ‘इन’ म्हणजे मूळ अर्थाने सराई, मुक्कामाची जागा. प्रत्येक इनला स्वतःचे ग्रंथालय आणि एक भव्य भोजनगृह. वर्षाची चार सत्रे. अशी बारा सत्रे, म्हणजे साधारण तीन वर्षे पूर्ण करायची. सत्र ‘पूर्ण’ झाले हे ठरवायचे कशावरून? भोजनगृहातील हजेरीवरून. गांधीजी १८८८ साली इनर टेंपलचे विद्यार्थी झाले, तेव्हा दर सत्रात किमान सहा जेवणांची अट होती. बारा सत्रांचे गणित तुम्हीच करा : बहात्तर जेवणे.

५/ बसण्याची रीतही ठरलेली. अंगावर झगा, लांब मेज आणि चार-चार जणांचा एक गट. अन्न आणि मद्य त्या चौघांत वाटले जाई. गांधीजींनी आत्मकथेत नोंदवले आहे, की चौघांमागे मद्याच्या दोन बाटल्या मिळत आणि ते स्वतः पीत नसल्यामुळे त्यांना आपल्या गटात घेण्यासाठी इतरांची चढाओढ असे! अशा गटाला इंग्रजीत ‘मेस’ म्हणतात. आपण वसतिगृहात ज्या ‘मेस’मध्ये डबा लावतो, तो हाच शब्द. एकत्र जेवणाऱ्यांचा समूह, हा त्याचा जुना अर्थ.

६/ आता त्याच काळातील महाराष्ट्राकडे वळू. इथे जातिव्यवस्थेची रोजची अंमलबजावणी होत होती ती पंगतीत आणि पाणवठ्यावर. कोणी कोणाशेजारी बसावे, कोणी कोणाला वाढावे, कोणी उठून गेल्यावर कोणी जेवावे, सारे ठरलेले. शिक्षणासाठी घर सोडणाऱ्या मुलापुढे पहिला प्रश्न फीचा नसे. राहायचे कुठे आणि जेवायचे कोणाकडे, हा असे. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात विसाव्या शतकाच्या आरंभापासून जातवार वसतिगृहांची मालिका का उभारली, याचे उत्तर बऱ्याच अंशी या प्रश्नात आहे. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीचे मिस क्लार्क वसतिगृह १९०८ सालचे. छप्पर मिळाले, शिक्षण मिळाले. पण त्या काळच्या समाजाने पानांमधले अंतर मात्र राखूनच ठेवले.

७/ या दोन जगांमधली ये-जा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यात स्पष्ट दिसते. १९१६ साली त्यांनी ग्रेज इनमध्ये नाव घातले. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली त्यांना परतावे लागले. पुढे ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले आणि तेथे अध्यापकांसाठीच्या भांड्यातून पाणी पिण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२२ साली बॅरिस्टर झाले. कालक्रम नीट पाहा. ग्रेज इनच्या मेजावर जेवलेला माणूस मुंबईत पाण्याच्या भांड्यापाशी अडवला गेला आणि मग पुन्हा त्याच मेजावर जाऊन बसला.

८/ माझा मुद्दा हा. जात सांगत होती : तू कितीही शीक, आमच्या पंगतीत बसू नकोस. इनचा नियम सांगत होता : तू कितीही शीक, पंगतीत बसल्याखेरीज तुला पदवी नाही. खोब्रागडे आणि त्यांच्यासारख्या विद्यार्थ्यांसाठी परदेशी शिक्षणाचा अर्थ अभ्यासक्रमाइतकाच या नियमातही शोधला पाहिजे. सहभोजन ही तेथे कोणाची कृपा नव्हती, सुधारकांचा एखाद्या दिवसाचा कार्यक्रमही नव्हता. ती हजेरीपटावरची नोंद होती.

९/ मात्र इनला समतेचे मंदिर ठरवण्याची घाई नको. १९१९च्या कायद्यापर्यंत स्त्रियांना त्या व्यवसायात प्रवेशच नव्हता. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ साली ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा दिली, पण बॅरिस्टरीसाठी त्यांना १९२०चे दशक उजाडेपर्यंत थांबावे लागले. विनायक दामोदर सावरकरांनी अभ्यासक्रम पूर्ण केला, तरी राजकीय कार्यामुळे १९०९ साली ग्रेज इनने त्यांना बॅरिस्टरीची सनद नाकारली. हे मेज साम्राज्याचे होते. ‘सभ्य गृहस्थ’ घडवणे हा त्याचा हेतू. समता हे त्याचे अनपेक्षित फळ. परंतु ज्याला गावच्या पंगतीत जागाच नव्हती, त्याच्यासाठी अनपेक्षित फळाचे मोलही थोडे नव्हते.

१०/ राजाभाऊंच्या पिढीने पाहिलेले लंडन वैभवाचे नव्हते. दुसरे महायुद्ध संपले तरी शिधापत्रिका संपली नव्हती. महायुद्धात कधी न झालेले पावाचे रेशनिंग १९४६ ते १९४८ या काळात झाले. साखर १९५३ साली आणि मांस १९५४ साली नियंत्रणमुक्त झाले. जेत्यांच्या राजधानीत ताटे अर्धी होती. अभ्यासक्रमात रोमन कायद्याचाही समावेश असे. मालकी म्हणजे काय, ताबा म्हणजे काय, हे प्रश्न रोमच्या संदर्भात शिकवले जात. चांद्याच्या विद्यार्थ्याला मात्र ते परके नव्हते. जंगल कोणाचे आणि जमीन कोणाची, हाच तर त्याच्या जिल्ह्याचा वाद होता.

११/ राजाभाऊ बॅरिस्टर होऊन मायदेशी परतले आणि बाबासाहेबांच्या चळवळीत उतरले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, चंद्रपुरात. या दुसऱ्या सोहळ्याच्या आयोजनात राजाभाऊ अग्रभागी होते. पुढे ते रिपब्लिकन पक्षाचे प्रमुख नेते झाले, १९५८ साली राज्यसभेत गेले आणि १९६९ ते १९७२ या काळात राज्यसभेचे उपसभापती होते. ९ एप्रिल १९८४ रोजी त्यांचे निधन झाले. ज्या समाजाला गावच्या बैठकीत दाराबाहेर उभे केले जाई, त्या समाजातला चांद्याचा बॅरिस्टर देशाच्या वरिष्ठ सभागृहाच्या आसनावर बसून इतरांना बोलण्याची अनुमती देत होता.

१२/ आज अंतर घटले आहे. २०११ साली चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. त्याचे मुख्यालय गडचिरोलीत आहे. तरीही भामरागड किंवा एटापल्लीच्या मुलीसाठी कायद्याचे शिक्षण म्हणजे घर सोडणेच. घरी माडिया, वर्गात मराठी, निवाड्यांत इंग्रजी. आणि पहिल्या आठवड्यातले प्रश्न तेच जुने : खोली कोण देईल, मेस कुठे लावायची, जेवताना शेजारी कोण बसेल. यांतल्या शेवटच्या प्रश्नाला नियमाने उत्तर देता येते, हे लंडनच्या त्या जुनाट अटीने दाखवून दिले होते. आपल्याकडे ते बहुतेक वेळा सोबत्यांच्या मर्जीवर सोडलेले असते.

१३/ शेवटी इतिहासाच्या विद्यार्थ्यांना एक विनंती. कोणी कधी प्रवेश घेतला आणि कोण कधी बॅरिस्टर झाले, याच्या नोंदी लंडनच्या संस्थांनी शतकानुशतके जपल्या. आपल्या वसतिगृहांच्या मेसच्या वह्या मात्र वर्ष सरताच रद्दीत जातात. म्हणून तुमच्या घरातून किंवा गावातून शिकण्यासाठी सर्वांत आधी बाहेर पडलेल्या व्यक्तीला गाठा. कोणत्या साली निघालात, पहिल्या रात्री कुठे जेवलात, शेजारी कोण होते, हे विचारा आणि तारखेसह लिहून ठेवा. अशी दोनशे उत्तरे जमली, तर विदर्भाच्या शिक्षणाचा आजवर न लिहिलेला इतिहास हाती येईल. तुमच्याकडे असे उत्तर असेल तर खाली जरूर लिहा. मी ती सारी एकत्र करतो आहे.